फरी-गदका आणि जपानी काता : जोडीने होणाऱ्या शस्त्रसरावाचे अध्यापनशास्त्र

गोषवारा :

शस्त्रविद्येचे शिक्षण एकट्याने करावयाच्या हालचालींपासून सुरू होत असले, तरी तिचे मर्म समोर दुसरा माणूस उभा राहिल्यावरच उलगडते. जपानी तलवार-परंपरेत हे काम ‘काता’ या ठरलेल्या जोड-सरावाने, तर महाराष्ट्रात फरी-गदक्याच्या खेळाने केले. प्रस्तुत लेखात या दोन पद्धतींचे स्वरूप, त्यांची ऐतिहासिक पार्श्वभूमी व त्यांतील गुरूची भूमिका यांचा तुलनात्मक परिचय करून दिला आहे. तसेच जालना जिल्ह्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांत हा सराव पुन्हा कसा आणता येईल, याचा विचार केला आहे.

बीजशब्द : फरी-गदका, मर्दानी खेळ, काता, उचिदाची, शिदाची, वस्ताद, पवित्रा.

प्रस्तावना :

जालना जिल्ह्याला बलोपासनेची परंपरा नवी नाही. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव होय. 1608 मध्ये येथे जन्मलेल्या या संताने पुढे कृष्णाकाठच्या प्रदेशात मारुतीची मंदिरे स्थापून भक्तीला शरीरसामर्थ्याची जोड दिली. याच जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील असई येथे 23 सप्टेंबर 1803 रोजी मराठ्यांची कवायती फौज व आर्थर वेलस्लीचे सैन्य यांच्यात निर्णायक लढाई झाली. अलीकडच्या काळात, डिसेंबर 2018 मध्ये, ‘महाराष्ट्र केसरी’ कुस्ती स्पर्धेचे यजमानपद जालना शहराने भूषविले. कुस्तीची आवड या भागात आजही टिकून आहे. तथापि कुस्तीच्या जोडीने एकेकाळी तालमीत शिकविल्या जाणाऱ्या शस्त्रखेळांचा परिचय मात्र शिवजयंती व गणेशोत्सवाच्या मिरवणुकीपुरता उरत चालला आहे.

मिरवणुकीत दांडपट्टा फिरतो, तळहातावरचे लिंबू कापले जाते, लाठीचे चक्र गरगरते आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. ही कौशल्ये कष्टसाध्य आहेत, यात शंका नाही. परंतु त्यांत बहुतांशी एकच माणूस शस्त्र चालवीत असतो. ज्याच्या तळहातावर लिंबू ठेवलेले असते, त्याने केवळ स्थिर राहावयाचे असते. दोन माणसे समोरासमोर उभी राहून एकाने वार करणे व दुसऱ्याने तो अडविणे, ही शस्त्रविद्येची मूळ घटना अशा प्रदर्शनात मागे पडते. ती मागे पडल्याने नेमके काय हरवते, हे समजून घेण्यासाठी जपानी परंपरेशी केलेली तुलना उपयुक्त ठरते.

जोड-सराव म्हणजे काय? :

शस्त्राच्या सरावाचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, एकट्याने करावयाच्या हालचाली. यांत पवित्रे, हातांचे वळण व श्वास यांची घडण होते. दुसरा, दोघांनी मिळून करावयाचा ठरलेला क्रम. यात कोणी कोणता वार करावा व दुसऱ्याने तो कसा तोडावा हे आधीच निश्चित असते. तिसरा, मुक्त लढत. यात काहीही ठरलेले नसते व स्पर्श मोजून हारजीत ठरते.

या तिहींपैकी दुसरा प्रकार हा उरलेल्या दोहोंना जोडणारा पूल आहे. एकट्याने वार करणाऱ्याला अंतराचे भान येत नाही, कारण हवेत केलेला प्रत्येक वार बरोबरच लागतो. उलटपक्षी, थेट मुक्त लढतीत उतरणारा नवशिका भीतीपोटी डोळे मिटतो, हात आखडतो आणि दोन-तीन हालचालींवरच विसंबून राहतो. ठरलेल्या क्रमात मात्र वार कोठे येणार हे ठाऊक असल्याने भीती आटोक्यात राहते आणि वार खरोखरच येत असल्याने सरावाला गांभीर्य राहते. गणिताच्या अध्यापनात सोडवून दाखविलेल्या उदाहरणाचे जे स्थान, तेच येथे या ठरलेल्या क्रमाचे मानता येईल.

जपानी कात्याचे स्वरूप :

जपानमध्ये तलवारीच्या अनेक घराण्यांनी आपापली विद्या कात्यांच्या रूपात जपली. पंधराव्या शतकात इइझासा चोइसाई इएनाओ यांनी स्थापन केलेले कातोरी शिंतो-र्यू हे त्यांतील अत्यंत जुन्या घराण्यांपैकी एक होय. घराणे बदलले की क्रम बदलतो, हे आपल्याकडील गायनाच्या घराण्यांप्रमाणेच तेथेही घडले.

आधुनिक काळात 1876 मध्ये जपानी शासनाने हुकूम काढून सामान्यतः तलवार बाळगून फिरण्यास बंदी केली. सामुराई वर्गाची ओळखच पुसली गेल्यावर तलवारविद्या टिकणार कशी, असा प्रश्न उभा राहिला. 1895 मध्ये क्योतो येथे ‘दाई निप्पोन बुतोकुकाई’ ही संस्था स्थापन झाली. 1911 मध्ये तलवारविद्येला माध्यमिक शाळांच्या अभ्यासक्रमात स्थान मिळाले. परंतु शाळेत शिकवावयाचे तर कोणत्या घराण्याचे शिकवावे? या अडचणीतून विविध घराण्यांच्या जाणकारांची समिती नेमण्यात आली व 1912 मध्ये सर्वांना समान असे दहा काते निश्चित झाले. आज ‘निप्पोन केंदो काता’ या नावाने ओळखला जाणारा हाच क्रम होय. दुसऱ्या महायुद्धानंतर काही काळ केंदोवर निर्बंध आले. 1952 मध्ये अखिल जपान केंदो महासंघाची स्थापना झाली. केंदोमधील श्रेणी-परीक्षांत मुक्त लढतीबरोबर काताही करून दाखवावा लागतो.

या दहा कात्यांपैकी पहिल्या सातांत दोघांकडे लांब तलवार असते, तर अखेरच्या तिहींत एकाकडे लांब व दुसऱ्याकडे आखूड तलवार असते. सराव सामान्यतः लाकडी तलवारीने, म्हणजे ‘बोकुतो’ने केला जातो. लांब बोकुतो सुमारे 102 सें.मी. व आखूड सुमारे 55 सें.मी. असते. वार करणाऱ्यास ‘उचिदाची’ व त्याला उत्तर देणाऱ्यास ‘शिदाची’ म्हणतात.

पहिल्या कात्याचे उदाहरण पाहू. प्रारंभी दोघे नऊ पावलांच्या अंतरावर परस्परांस नमस्कार करतात. दोघेही तलवार डोक्यावर उचलून तीन पावले पुढे येतात. योग्य क्षण साधून उचिदाची समोरच्याच्या मस्तकावर पूर्ण ताकदीने वार करतो. शिदाची तलवार व शरीर किंचित मागे घेतो. वार रिकामा जातो. त्याच क्षणी शिदाची पुढे सरकून उचिदाचीच्या मस्तकावर वार आणतो आणि तो अंगाला न लागता थांबवितो. येथे काता संपत नाही. उचिदाची मागे हटत असताना शिदाची तलवारीचे टोक त्याच्या चेहऱ्यावर रोखून धरतो आणि पुन्हा तलवार उंचावून सावध उभा राहतो. विजयानंतरही टिकविलेल्या या सावधपणास ‘झानशिन’ अशी संज्ञा आहे. दोघांमधील अंतर व ते केव्हा तोडावे याचे भान म्हणजे ‘माआई’. या दोन संकल्पना शब्दांनी सांगून कळत नाहीत. कात्याच्या पुनरावृत्तीतून त्या अंगी मुरतात.

हरणाऱ्याची भूमिका ज्येष्ठाकडे :

कात्याचा सर्वांत उद्बोधक विशेष म्हणजे भूमिकांची वाटणी. केंदोच्या कात्यात प्रत्येक वेळी शिदाची जिंकतो व उचिदाची हरतो. वरवर पाहता जिंकण्याचा मान गुरूकडे असावा असे वाटते. प्रत्यक्षात ज्येष्ठ हा उचिदाची असतो व शिष्य शिदाची. म्हणजेच गुरू शेकडो वेळा, वर्षानुवर्षे, शिष्याच्या हातून हरत राहतो.

यामागे अध्यापनाचा निश्चित विचार आहे. वाराचा वेग किती, अंतर कोणते, क्षण कोणता हे सारे उचिदाची ठरवितो. शिष्याची तयारी पाहून तो वार हळू अथवा जलद करतो. परंतु वार खोटा करीत नाही. शिष्य जागचा हलला नाही, तर वार नेमका त्याच्या मस्तकावरच यावा, असा त्याचा रोख असतो. वार मुद्दाम बाजूला टाकला, तर शिष्य चुकीचे अंतर शिकतो आणि ती चूक त्याला आयुष्यभर पुरते. शिवाय शिष्याचा उलट वार अंगावर घेण्यासाठी गुरूला स्वतःला मोकळे सोडावे लागते. अहंकार असलेल्या माणसाला हे साधत नाही. म्हणूनच उचिदाचीची भूमिका शिदाचीच्या भूमिकेपेक्षा कठीण मानली जाते.

आपल्या तालमीला ही गोष्ट अपरिचित नाही. कुस्तीत वस्ताद किंवा जुना पैलवान नव्या पट्ठ्याबरोबर ‘जोर’ करतो, तेव्हा तो पट्ठ्याला डाव बसवू देतो, मात्र सहज बसवू देत नाही. डाव चुकला तर सुटून दाखवितो आणि बरोबर बसला तर पाठीवर जातो. तांबड्या मातीत जे घडते, तेच लाकडी तलवारीच्या सरावात घडते. फरक इतकाच की जपानी परंपरेने ही भूमिका नाव देऊन व क्रम लिहून निश्चित केली.

फरी-गदक्याचे स्वरूप व इतिहास :

फरी म्हणजे डाव्या हातात धरावयाची लहान ढाल आणि गदका (काही ठिकाणी ‘गदगा’) म्हणजे चामड्याने मढविलेली काठी. ढाल-तलवारीच्या युद्धाचे शिक्षण इजा न होता देता यावे, यासाठी या साधनांची योजना झाली. खेळाडू प्रथम सलामी देतात, पवित्रा घेतात व पायांची हालचाल करीत परस्परांचा अंदाज घेतात. वारांना शरीराच्या भागांवरून व दिशांवरून नावे आहेत. शीर, कमर, तमाचा, बाहेरा ही नावे लाठी व गदक्याच्या अनेक आखाड्यांत आढळतात. आखाड्यागणिक ही नावे व वारांचा क्रम काहीसा बदलतो. प्रत्येक वाराला त्याची तोड असते. एकाने वार करावयाचा, दुसऱ्याने फरीवर घ्यावयाचा व लगेच उलट वार करावयाचा, अशी देवाणघेवाण चालते. खोटा वार दाखवून खरा वार दुसरीकडे करणे, म्हणजे हूल देणे, हे पुढच्या पायरीचे कौशल्य होय.

एकोणिसाव्या शतकात या विद्येचे केंद्र तालीम हे होते. पुण्यातील लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत जोतीराव फुले दांडपट्टा व नेमबाजी शिकले, ही बाब सर्वश्रुत आहे. 1878 च्या शस्त्रकायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्रे बाळगण्यावर परवान्याचे बंधन आले. जपानी हुकूम 1876 चा व हा कायदा 1878 चा. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने दोन देशांत तलवार सामान्य माणसाच्या हातून दूर झाली. जालना त्या काळी हैदराबाद संस्थानात होता, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. दोन्ही घटनांमधील भेदही महत्त्वाचा आहे. जपानी बंदी स्वतःच्या शासनाने घातली होती व त्याच शासनाने पुढे ही विद्या शाळेत आणली. आपल्याकडे बंदी परकीय सत्तेने घातली. त्यामुळे विद्येचे जतन शाळेऐवजी खाजगी आखाडे व व्यायामशाळा यांनी केले.

हे कार्य लहान नव्हते. बडोद्यात जुम्मादादा या मुस्लिम उस्तादांचे शिष्य प्रा. माणिकराव यांनी व्यायाम व शस्त्रखेळांच्या सामुदायिक शिक्षणाची पद्धत बसविली. अमरावतीत 1914 मध्ये वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना केली. या मंडळाच्या चमूने 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली. पुण्यात 1924 मध्ये कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी महाराष्ट्रीय मंडळाची स्थापना केली. बडोद्याहून आबासाहेब मुजुमदार यांनी दहा खंडांचा ‘व्यायाम ज्ञानकोश’ सिद्ध केला. कोल्हापूरच्या तालमींनी मर्दानी खेळ जिवंत ठेवले आणि आज तेथे मुलीही मोठ्या संख्येने ते शिकतात. 19 फेब्रुवारी 2024 रोजी दांडपट्ट्यास महाराष्ट्राचे राज्यशस्त्र म्हणून घोषित करण्यात आले.

मराठवाड्याच्या संदर्भात नांदेडचा उल्लेख आवश्यक आहे. तख्त सचखंड श्री हजूर साहिब येथे होला मोहल्ल्याच्या प्रसंगी शीख शस्त्रविद्येचे दर्शन घडते. शिखांच्या ‘गतका’ या खेळातही काठी व ‘फरी’ हीच जोडी असते. गदका-गतका व फरी या शब्दांचे साम्य या दोन परंपरांतील जवळीक दर्शविते. 2022 मध्ये हरियाणात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांमध्ये गतक्याचा समावेश झाला व त्याला राष्ट्रीय क्रीडाप्रकाराचे रूप येऊ लागले. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरच जालना व नांदेड ही दोन्ही स्थानके आहेत. अभ्यासासाठी फार दूर जाण्याची गरज नाही.

तुलना व मर्यादा :

या दोन पद्धतींची तुलना करताना एक काळजी घ्यावी लागते. फरी-गदका व काता हे सर्वार्थाने समान नाहीत. गदका हा मऊ आवरणाचा असल्याने प्रत्यक्ष स्पर्श करता येतो. त्या दृष्टीने त्याचे साम्य बोकुतोपेक्षा केंदोतील ‘शिनाई’ या बांबूच्या तलवारीशी अधिक आहे. जपानमध्येही केवळ कात्याने सराव निर्जीव होतो, दोघेही क्रम पाठ म्हणू लागतात, अशी तक्रार झाली होती. अठराव्या शतकात शिनाई व संरक्षक कवच यांचा वापर वाढला, त्यामागे हेही एक कारण होते. म्हणजे ठरलेला क्रम हा स्वयंपूर्ण उपाय नव्हे. जपानी परंपरेचे शहाणपण असे की मुक्त लढत आल्यावरही तिने काता टाकून दिला नाही.

आपल्याकडे वार-तोडीचा जोड-सराव वस्तादाच्या स्मरणात राहिला. व्यायाम ज्ञानकोशासारखे प्रयत्न झाले, परंतु 1912 च्या कात्याप्रमाणे सर्व आखाड्यांनी मान्य केलेला व शाळांत रुजलेला एक क्रम निर्माण झाला नाही. याचा एक लाभ झाला. स्थानिक वैविध्य टिकले. तोटा असा झाला की वस्ताद गेला की क्रमही गेला. त्यातच मिरवणुकीच्या प्रदर्शनाला वेग व चमक हवी असते. दोघांनी सावकाश केलेला, चूक सुधारत पुढे जाणारा सराव पाहण्यास कंटाळवाणा असतो. जे पाहिले जाते तेच शिकविले जाऊ लागते आणि जे पाहिले जात नाही ते लोप पावते.

यात केवळ एक खेळ हरवत नाही. वार थांबविण्याचे शिक्षण हरवते. पूर्ण ताकदीने आणलेली काठी समोरच्याच्या कपाळापाशी थांबविणे, हे ती फिरविण्यापेक्षा अवघड असते. हा संयम समोर माणूस असल्याशिवाय शिकता येत नाही. तरुणांच्या हाती शस्त्राची प्रतिमा सहज येत असताना शस्त्राची शिस्त त्यांच्यापर्यंत पोहोचत नसेल, तर ती शिक्षणक्षेत्राने गांभीर्याने घ्यावी अशी बाब आहे.

महाविद्यालयीन स्तरावरील उपयोजन :

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये भारतीय ज्ञानप्रणालीच्या अध्ययनावर भर देण्यात आला आहे. या चौकटीत शारीरिक शिक्षण, इतिहास व मराठी या विभागांना एकत्रितपणे पुढील गोष्टी करता येतील.

1. नोंद : आपल्या तालुक्यातील वयोवृद्ध वस्तादांकडून वार, तोड व पवित्रे यांची नावे आणि क्रम लिहून घेणे व त्यांचे चित्रीकरण करणे. भाषेच्या अभ्यासकांसाठीही ही संज्ञावली मोलाची आहे.

2. साधने : धातूची शस्त्रे पूर्णतः वर्ज्य करून कापड गुंडाळलेल्या वेताच्या काठ्या व हलक्या ढाली वापरणे. 1959 च्या शस्त्र अधिनियमातील ‘शस्त्र’ या संज्ञेच्या व्याख्येतून घरगुती वा शेतीच्या वापराची लाठी व चालण्याची साधी काठी वगळलेल्या आहेत. धारदार तलवारीचे तसे नाही. हा भेद विद्यार्थ्यांना प्रारंभीच सांगावा.

3. क्रम : पहिल्या टप्प्यात एकच वार व एकच तोड, तीही चालण्याच्या गतीने. दुसऱ्या टप्प्यात दोन-तीन वारांची साखळी. तिसऱ्या टप्प्यात संरक्षक साधनांसह मर्यादित मुक्त लढत. जपानी परंपरेत ‘शु-हा-री’ म्हणून सांगितलेल्या, आधी नियम पाळणे, मग त्यांची चौकट ओलांडणे व अखेरीस त्यांपासून मुक्त होणे, या पायऱ्यांशी हा क्रम सुसंगत आहे.

4. भूमिका : प्रत्येक जोडीत ज्येष्ठ विद्यार्थ्याने वार करणाऱ्याची व अखेरीस हरणाऱ्याची भूमिका घ्यावी. मूल्यमापनातही केवळ जिंकणाऱ्याला गुण न देता, जोडीदाराला किती चांगले शिकविले याचा विचार व्हावा.

5. सुरक्षितता : डोळ्यांचे संरक्षण, मऊ माती अथवा चटई, दोन जोड्यांत पुरेसे अंतर आणि प्रशिक्षकाच्या ‘थांब’ या शब्दावर तत्काळ थांबण्याची सवय अनिवार्य असावी. विद्यार्थिनींचा सहभाग प्रारंभापासूनच असावा.

समारोप :

1912 मध्ये जपानी जाणकारांपुढे जो प्रश्न होता, तोच आज महाराष्ट्रातील शारीरिक शिक्षणापुढे आहे. अनेक घराण्यांची विद्या वर्गात आणावयाची तर तिचे कोणते रूप आणावे? त्यांनी निवडलेले उत्तर जसेच्या तसे उचलण्याचे कारण नाही. फरी-गदक्याची परंपरा स्वतंत्र आहे आणि तिचे वैविध्य राखूनच तिची नोंद व्हावयास हवी. मात्र शिकविणाऱ्याने स्वतः हरून शिकविण्याची जी रीत कात्यात नियम म्हणून आहे व आपल्या तालमीत वहिवाट म्हणून होती, ती कोणत्याही विषयाच्या अध्यापकाला विचार करावयास लावणारी आहे. शिष्याचे उत्तर आपल्या प्रश्नापेक्षा सरस ठरावे, यासाठी प्रश्न खराच विचारावा लागतो. वस्तादाची काठी शिष्याच्या मस्तकाच्या रोखाने खरीखुरी येते, ती याचसाठी.